नाताळाआधीची वाट

बरीच वर्षे माझ्यासाठी नाताळ हा एका दिवसाचा सण होता आणि त्याआधीचे सगळे दिवस म्हणजे त्या एका दिवसाची पूर्वतयारी. घर आवरणे, भेटवस्तूंच्या याद्या, पाहुण्यांच्या वेळा, मुलांच्या कपड्यांची मापे, मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कार्यक्रमाच्या तालमी. या कामांत वाईट काहीच नव्हते. सणाला माणसे एकत्र यायची तर कुणाला तरी राबावेच लागते. पण २५ डिसेंबरच्या सकाळी उपासनेत लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला जाई तेव्हा गव्हाण, मेंढपाळ, देवदूतांचा समुदाय हे सगळे कानांवरून वाहून जात असे, कारण ते पाठ होते. आणि संध्याकाळपर्यंत सण संपलेलाही असे. ज्या घटनेसाठी एवढी धावपळ केली, तिच्याशीच माझी ओळख उरलेली नव्हती. ती ओळख पुन्हा झाली ती आगमनकाळामुळे, म्हणजे नाताळच्या आधी चार रविवार ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्याच्या काळामुळे (ॲडव्हेंट), आणि तीही काहीशा कडू मार्गाने झाली, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे.

पाश्चात्त्य परंपरेतल्या मंडळ्यांमध्ये आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो, त्यामुळे आगमनकाळ एखाद्या वर्षी २२ दिवसांचाच भरतो, तर एखाद्या वर्षी २८ दिवसांचा. मंडळीचे वर्षही याच रविवारी सुरू होते. त्याचा इतिहास वाचू लागले तेव्हा मला सर्वांत अनपेक्षित वाटली ती एक गोष्ट: हा काळ मुळात उपवासाचा होता. पाचव्या शतकात तूर्स येथील बिशप पर्पेटुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करावा, असा नियम घालून दिला होता. मिलानच्या आंब्रोसीय परंपरेत आजही आगमनकाळाचे सहा रविवार असतात, आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवस उपवास करून नाताळापर्यंत पोहोचतात. आपण मात्र उपवासाच्या जागी सणाआधीचा सण आणून बसवला आहे. जेवायला बसण्यापूर्वीच पोट भरलेल्या माणसाला पंगतीचे काय कौतुक वाटणार?

म्हणून एका वर्षी मी ठरवले की सजावट आणि खरेदी व्हायची तशी होऊ दे, पण रोजच्या मननासाठी मंडळीच्या वाचनमालेत आगमनकाळाचे जे शास्त्रपाठ दिलेले असतात तेच घ्यायचे, मध्येच बेथलेहेमकडे उडी मारायची नाही. पहिल्याच रविवारी मी चक्रावले. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात बाळ नाही, तारा नाही, मरीयाही नाही. वाचनमालेचे चक्र तीन वर्षांचे आहे आणि तिन्ही वर्षी पहिल्या रविवारी येशूचे शेवटच्या काळाविषयीचे बोलणे येते, एका वर्षी मत्तयाच्या २४ व्या अध्यायातले, दुसऱ्या वर्षी मार्काच्या १३ व्या अध्यायातले आणि तिसऱ्या वर्षी लूकाच्या २१ व्या अध्यायातले. सूर्य काळवंडेल, राष्ट्रे गोंधळून जातील, तो दिवस व ती घटका कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा जागे राहा. नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्ने करीत होते आणि जलप्रलय येईपर्यंत त्यांना काहीच समजले नाही, हे वाक्य भेटवस्तूंची यादी शेजारी ठेवून वाचताना विचित्र वाटते.

पुढचे दोन रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा, टोळ व रानमध खाणारा हा मनुष्य नाताळच्या एकाही शुभेच्छापत्रावर नसतो, आणि ते समजण्यासारखेही आहे, कारण तो समोर आलेल्या लोकसमुदायाला ‘सापाच्या पिलांनो’ म्हणून हाक मारतो. चौथ्या रविवारी कुठे मरीया आणि योसेफ समोर येतात. मंडळीने हा क्रम असा का लावला असावा, याचा मी बराच विचार केला. मला पटलेले उत्तर असे की ख्रिस्ताचे येणे ही गोड बातमी होण्याआधी ती गरजेची बातमी व्हावी लागते. जगात काहीच बिघडलेले नसेल, आपल्यातही काही बिघडलेले नसेल, तर तारणारा जन्मला काय आणि न जन्मला काय. बाराव्या शतकात क्लेअरव्होचे बर्नार्ड यांनी ख्रिस्ताच्या तीन आगमनांविषयी प्रवचने केली होती: पहिले देह धारण करून झालेले, शेवटचे गौरवात होणारे, आणि या दोहोंच्या मधले, आज माणसाच्या अंतःकरणात होणारे. नाताळच्या दिवशी आपण पहिले आगमन साजरे करतो, परंतु आगमनकाळ उरलेल्या दोन आगमनांची आठवण करून देऊन मगच आपल्याला पहिल्याकडे जाऊ देतो.

घरातल्या उपासनेसाठी मात्र वाचनमाला जड जाऊ लागली, विशेषतः मुलांना. तेव्हा आम्ही पुष्कळ कुटुंबे वापरतात ती साधी रीत धरली. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरपासून रोज रात्री एक अध्याय वाचला की २४ तारखेला ते संपते. या रीतीत एक गंमत आहे, जी सुरुवात केल्याशिवाय लक्षात येत नाही. येशूचा जन्म २ डिसेंबरलाच होऊन जातो. पुढचे बावीस दिवस तो लहानाचा मोठा होतो, शिकवतो, रोग्यांना बरे करतो, जकातदारांच्या पंगतीला बसतो, धरला जातो आणि मारला जातो, तरीही नाताळ यायचाच असतो. आमच्या धाकट्याने याबद्दल तक्रार केली होती आणि त्याची तक्रार तर्काला धरून होती.

पहिला अध्याय ऐंशी वचनांचा आहे, नव्या करारातला वचनसंख्येने सर्वांत मोठा, त्यामुळे पहिल्याच रात्री जांभया सुरू होतात. पण मी तो दोन भागांत तोडत नाही, कारण त्यातला जखऱ्या मला सोडवत नाही. मंदिरात धूप जाळण्याची पाळी आलेला हा वयोवृद्ध याजक. त्याने आणि अलीशिबेने मुलासाठी केलेल्या प्रार्थना बहुधा त्यांनाही आठवेनाशा झालेल्या. गब्रीएल येऊन सांगतो की तुझी विनंती ऐकली गेली आहे, आणि जखऱ्या खूण मागतो. खूण मिळते ती अशी की त्याची वाचाच जाते. बाहेर लोक आशीर्वादाची वाट पाहत ताटकळले आहेत आणि याजकाला हातवारे करण्यापलीकडे काही करता येत नाही. पुढे बाळाच्या नावाविषयी विचारताना नातेवाईक त्यालाही खुणाच करतात, त्यावरून त्याला ऐकूही येत नसावे असे काही अभ्यासक मानतात. अलीशिबेचा गरोदरपणाचा सगळा काळ हा मनुष्य निःशब्द राहतो, आणि पाटीवर ‘याचे नाव योहान आहे’ असे लिहिल्यावर जेव्हा जीभ मोकळी होते तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडते ते स्तुतिगीत, ज्याच्या शेवटी अंधारात बसलेल्यांना उजळवणारी पहाट वरून येईल, असे म्हटले आहे. मी उपदेश करणारी नाही, पण भरपूर बोलणारी आहे. आगमनकाळात गाणी, भाषणे, संदेश यांचा जो पूर येतो त्यात जखऱ्याची ती सक्तीची शांतता मला शिक्षेपेक्षा देणगीच जास्त वाटते. रोज रात्री अध्याय वाचून झाल्यावर काही क्षण कुणीही अर्थ सांगायचा नाही, हा आमच्या घरातला नियम त्याच्यावरूनच आला.

त्याच अध्यायात मरीयेचे गीत आहे. त्याला कोमल भक्तिगीत समजण्याची सवय मला होती. पण शब्दांकडे नीट पाहिले तर ती मुलगी म्हणते आहे की देवाने अधिपतींना आसनांवरून खाली ओढले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हाती घालवून दिले. जुन्या करारातल्या हन्नेच्या गीताचा सूर यात स्पष्ट ऐकू येतो. तिसऱ्या रात्रीच्या वाचनात योहान हेच एका वाक्यात आणून ठेवतो: ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला एकही नाही त्याला एक द्यावा. ३ डिसेंबरला आम्ही कपाटे उघडतो. फाटके, विटके बाजूला काढणे याला दान म्हणायचे नाही, एवढी एकच अट. दोन चांगल्यांपैकी एक द्यायचे. भेटवस्तूंवरचा खर्च त्यामुळे आपोआप कमी झाला, हा त्याचा आनुषंगिक फायदा.

सातव्या अध्यायापाशी मी दरवर्षी थांबते. तोपर्यंत योहान हेरोदाच्या तुरुंगात पडलेला आहे आणि तिथून तो शिष्यांकरवी येशूला विचारतो, जो येणार आहे तो आपणच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देनेच्या काठी एवढ्या खात्रीने बोट दाखवले, त्याचाच हा प्रश्न. येशू त्याला रागे भरत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, दरिद्र्यांना सुवार्ता सांगितली जाते, एवढे जाऊन सांगा म्हणतो. तुरुंगाचे दार उघडत नाही, आणि योहान तिथेच मारला जातो. वाट पाहण्यात शंकेलाही जागा आहे, हे मला कुठल्याही उपदेशापेक्षा या प्रसंगाने जास्त शिकवले.

आगमनकाळाविषयीचे विसाव्या शतकातले काही अतिशय खोल लेखन तुरुंगातच झाले आहे, हा योगायोग नसावा. डीट्रिच बोनहॉफर या लुथरन पाळकाला नाझी राजवटीने १९४३ च्या एप्रिलमध्ये अटक केली. त्या नोव्हेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की कोठडीतले जगणे बरेचसे आगमनकाळासारखे आहे. माणूस वाट पाहतो, आशा धरतो, इकडचे तिकडचे काही करत राहतो, पण दार बंद असते आणि ते बाहेरूनच उघडू शकते. पुढच्याच वर्षी त्याच तुरुंगात आल्फ्रेड डेल्प हा येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू बेड्या घातलेल्या हातांनी कागदाच्या तुकड्यांवर आगमनकाळाची मनने लिहीत होता आणि ते तुकडे चोरून बाहेर नेले जात होते. डेल्पला २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी देण्यात आले, बोनहॉफरला त्याच वर्षी ९ एप्रिलला. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. त्यांच्या लेखनात कुठेही नाताळची रोषणाई नाही, तरीही, किंवा म्हणूनच, त्यांनी पाहिलेली वाट मला खरी वाटते.

मेणबत्त्यांच्या कड्याची, म्हणजे ॲडव्हेंट रीथची, गोष्ट त्या मानाने सौम्य आहे. योहान हिनरिख विखर्न यांनी हॅम्बुर्गमध्ये गरीब व निराधार मुलांसाठी राउहेस हाउस नावाची संस्था चालवली होती. मुले नाताळ कधी, नाताळ कधी, असे विचारून भंडावून सोडत, म्हणून १८३९ साली विखर्न यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. हिरव्या फांद्या पुढे आल्या, लहान मेणबत्त्या गळाल्या आणि चारच उरल्या. आज या चारांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावे दिली जातात. त्यांचा क्रमही मंडळीगणिक बदलतो. मला ही नावे थोडी घाईची वाटतात. पहिली मेणबत्ती पेटवली की एक पेटलेली आणि तीन न पेटलेल्या दिसतात, आणि त्या तीन न पेटलेल्यांकडे पाहणे हाच मला त्या विधीचा अर्धा भाग वाटतो. लगेच नाव चिकटवले की नजर तिथून हलते. तिसऱ्या रविवारी कॅथलिक आणि काही अँग्लिकन मंडळ्यांत जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती असते, कारण त्या दिवशी फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे आवाहन येते. उपवासाच्या मध्यावर घेतलेला तो श्वास मला आवडतो.

ॲडव्हेंट कॅलेंडरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जर्मनीतली कुटुंबे पूर्वी दारावर खडूच्या रेघा ओढून दिवस मोजत आणि रोज एक पुसत. छापील कॅलेंडरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि त्यात चॉकलेट त्यानंतर शिरले. मुलांना ते आवडते, तेवढे पुरे आहे.

त्यापेक्षा मत्तयाची वंशावळ जास्त वेळ मागते. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या वडिलांच्या, बुंध्याला धुमारा फुटेल, या यशयाच्या अकराव्या अध्यायातल्या वचनावरून मध्ययुगात चित्रकारांनी आणि काचकाम करणाऱ्यांनी ख्रिस्ताचा वंशवृक्ष रंगवायला सुरुवात केली. शार्त्र येथील कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातली अशी खिडकी आजही आहे. घरोघरी हल्ली एका फांदीवर रोज एक चित्र टांगून अब्राहामापासून मरीयेपर्यंत जाण्याची रीत आहे. आम्ही चित्रे काढत नाही, नुसती नावे लिहितो. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, बहुतेक पुरुष, आणि मध्येच तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. सासऱ्याकडून फसवली गेलेली सून, यरीहोची वेश्या, मवाबी विधवा, आणि जिच्या नवऱ्याला राजाने मारवले ती स्त्री. ही यादी सुशोभित करण्याची पूर्ण मुभा असताना मत्तयाने ती केली नाही. मोठ्या मुलीने तामारची गोष्ट विचारली तेव्हा मी ती तिच्या वयाला झेपेल तेवढी सांगितली. न सांगता पुढे गेले असते तर पाचव्या नावाचा, मरीयेचा, अर्थही निसटला असता, कारण तिच्याविषयीही लोक कुजबुजले असणारच.

या सगळ्याला एक रास्त आक्षेप आहे. आगमनकाळ पाळा असे पवित्र शास्त्रात कुठेही सांगितलेले नाही, येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही, आणि २५ डिसेंबरला हा सण साजरा होत असल्याचा जुना लेखी पुरावा चौथ्या शतकातल्या रोममधला आहे. याच कारणाने प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी नाताळच बंद करून पाहिला; मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. मला हा आक्षेप मान्य आहे आणि म्हणूनच कुणावर आगमनकाळाची सक्ती करावी असे मला वाटत नाही. पण डिसेंबर रिकामा राहत नाही, हेही खरे. आपण त्याला आकार दिला नाही तर बाजार देतो, आणि बाजाराच्या दिनदर्शिकेत योहानाला जागा नसते.

शिस्तीच्या बाबतीत मी कडक नाही. दुसऱ्या आठवड्यात वाचन चुकते, मग दोन अध्याय एकदम घेतले जातात. नाताळगीते २४ च्या रात्रीपर्यंत गायची नाहीत, हा शुद्ध नियम तालमी असलेल्या घरात टिकणे शक्य नाही. मात्र १७ ते २३ डिसेंबर हे सात दिवस मी जपते. पाश्चात्त्य मंडळीत या सात संध्याकाळी मरीयेच्या गीताच्या आधी म्हटली जाणारी सात प्राचीन आवाहने आहेत आणि प्रत्येकात ख्रिस्ताला जुन्या करारातल्या एका नावाने हाक मारलेली आहे: ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दावीदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. प्रत्येक आवाहनाचा शेवट ‘ये’ या विनवणीनेच होतो. घरात पाहुणे आलेले असतात, स्वयंपाकघरात गर्दी असते, आणि तरी दिवे लागल्यावर दोन ओळी म्हणायला कुणाची हरकत नसते.

२४ च्या रात्री लूकाचा शेवटचा अध्याय येतो, म्हणजे रिकामी कबर आणि उठलेला येशू दोन शिष्यांना भेटतो ती अम्माऊसची वाट. त्याच्या आदल्या रात्री योसेफ अरिमथाईकराने एक देह तागाच्या वस्त्रात गुंडाळून खडकातल्या कबरेत ठेवलेला असतो. मग सकाळी उपासनेत दुसरा अध्याय वाचला जातो, आणि त्यात एक आई आपल्या बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते. तेच वचन, जे मला पाठ होते. आता ते ऐकताना हे बाळ कोण आहे, ते कुणाच्या पंगतीला बसणार आहे आणि त्याला कुठे नेले जाणार आहे, हे तीन आठवडे रोज रात्री वाचून झालेले असते, त्यामुळे ते वाहून जात नाही.

शिवाय सणही त्या संध्याकाळी संपत नाही. मंडळीच्या दिनदर्शिकेत नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी) बारा दिवस चालतो. त्यात २६ तारीख दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाची आहे, आणि २८ तारीख हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांची. पूर्वी या दोन दिवसांकडे माझे लक्षच जात नसे, कारण तोपर्यंत आम्ही सजावट उतरवायला घेतलेली असे. आता ती ६ जानेवारीपर्यंत राहते, आणि २८ ला आम्ही मत्तयाचा दुसरा अध्याय, मागी लोकांवर, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांवर, न थांबता, मिसर देशातून परत येईपर्यंत पूर्ण वाचतो.